काठीला हात

“चिंधी इकडं द्या, मी पुसते तेवढी,” मी म्हणाले.

“काठीला बायकांनी हात लावायचा नसतो. दरवर्षी सांगायला लागतं का तुला?” असं म्हणून ह्यांनी पुन्हा चिंधी तेलात बुडवली.

जत्रेच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. वर्षभर वळचणीला बांधून ठेवलेली काठी अंगणात दोन बाजांवर आडवी टाकली होती आणि हे तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल लावत होते. निम्म्यावर आले आणि थांबले. बाजेची कड धरून वाकून उभे राहिले. मी जवळ गेले तर ओठ निळसर दिसले. कपाळावर घाम.

“ऊन लागलं,” हे म्हणाले.

ऊन अजून लिंबाच्या झाडावरून खाली उतरलंही नव्हतं. बोलण्यासारखं सगळं महिन्याभरापूर्वी मिरजेहून येताना एस.टी.त बोलून झालं होतं. डॉक्टरांनी यंत्र छातीला लावून बघितलं होतं, पुन्हा पुन्हा बघितलं होतं, आणि मग ह्यांना बाहेर बसवून मला सांगितलं होतं. काळजाची एक झडप आखडली आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर दम लागेल असं काहीही करायचं नाही. जड उचललं तर माणूस उभ्या जागी कोसळेल, तुम्हाला पाणी आणायलाही वेळ मिळणार नाही. ऑपरेशनसाठी जत्रेच्या नंतरचा दिवस ह्यांनीच मागून घेतला. डॉक्टरांना वाटलं, माणसाला जत्रेला घरी राहायचं असेल. काठीचं त्यांना कुणी सांगितलं नाही.

आमच्या गावच्या भैरोबाची ही मानाची काठी. नारळाच्या झाडाएवढी उंच, कळकाची, म्हणजे जाड बांबूची, वर निशाण, खाली गोंडे. चैत्रातल्या जत्रेला ती आमच्या दारापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्यात उभी धरून न्यायची, आणि वाटेत हलगीच्या ठेक्यावर नाचवायची. चार बाजूंनी चौघे दोर धरतात, पण ते तोल सांभाळायला. ओझं एकट्याचंच. हा मान जगदाळ्यांच्या घराचा, म्हणजे आमचा. घरात पुरुष एकच, माझे मिस्टर, हणमंतराव, आणि मूलही एकच, आमची मुलगी रोहिणी. आणि घरानं आपण होऊन काठी सोडली तर मान कायमचा थोरातांच्या घरी जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

एस.टी.त मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं तेव्हा हे एवढंच बोलले होते. “आईला कळता कामा नये आणि गावाला तर नाहीच नाही. काठीवाल्याचं काळीज फाटकं निघालं म्हणतील.”

मी महिनाभर तोंड शिवून बसले. अंगणवाडीत पोरांना गाणी म्हणून दाखवताना मी मध्येच पुढची ओळ विसरायचे. पण त्या सकाळी ते निळे ओठ बघितले आणि मला राहवेना. मी घरात गेले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. तेव्हापासून ह्या बाईनं घर आणि घराचा मान एकटीनं धरून ठेवलेला. गावात कुठल्या सणाला कुणी काय करायचं, कुठं कुणी आधी हळद लावायची, यावर वाद झाला की लोक आमच्या दारात यायचे. त्यांनी सांगितलं की वाद मिटला.

मी त्यांच्यासमोर बसले आणि मिरजेचं सगळं सांगून टाकलं. झडप, ऑपरेशन, उभ्या जागी कोसळणं, सगळं. त्यांचा हात सुपात फिरत राहिला.

“झालं सांगून?” त्यांनी विचारलं.

“आत्याबाई, तुम्ही म्हणालात तर ऐकतील. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत.”

“काय म्हणू? काठी ठेव म्हणू?”

“हो.”

“ह्या घरात काठी कुणी ठेवली न्हाय, शालन. देवाची हाय ती. देव बघंल.”

“देवानं नाही बघितलं तर?”

त्यांनी एक खडा उचलून बाहेर टाकला. “डाळ भिजत घालायची हाय. ऊठ आता.”

मी उठले. असं वाटलं की ह्या बाईच्या छातीत काळीज नाहीच, तिथंही एक काठीच उभी आहे. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दिवेलागणीला मी डोंगर चढून गुरवकाकांकडे गेले. दिनकर गुरव गाभारा धूत होते. मला एकटीला बघून घाबरले.

“काय गं सूनबाई, ह्या वक्ताला?”

“काका, यंदा काठी दुसऱ्या कुणाला देता येईल का? एका वर्षापुरती?”

“का?”

मला सांगायचं नव्हतं. “ह्यांची तब्येत बरी नाही.”

“काय झालंय हणमंताला? परवा तर बैलं पाजताना बघितला मी.”

“पाठ दुखतेय.”

ते हसले. “पाठ म्हणं. अगं, काठी उचलली की पाठ आपोआप सरळ हुती. सूनबाई, ह्यात माझ्या हातात काय न्हाय. घरात सुतक पडलं, न्हायतर काठीला विटाळ झाला, तर देवच म्हणतो थांब. तवा वरीसभर थोरातांनी न्यायची आणि मान घरचा घरी. पर माणसानं आपल्या तोंडानं नगं म्हटलं की संपलं. हणमंताला म्हणायचं आसंल तर त्यानं येऊन म्हणावं.”

“ते नाही म्हणणार.”

“मग झालं की.”

उतरताना मी दोनदा ठेचकाळले. खाली गावात पाळणेवाले आले होते, जिलबीवाल्यांनी भट्ट्या पेटवल्या होत्या, आणि सगळीकडे इतका आनंद होता की मी कडेकडेनं चालले. ह्या सगळ्यांना उद्या काठी नाचताना बघायची होती. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं.

सकाळी हे आंघोळ करून धोतर नेसले. मी पट्टा बांधायला मदत करत होते. तो चामड्याचा जुना पट्टा, पुढं काठी टेकवायला खळगा.

“शालन,” हे हळू आवाजात म्हणाले, “काही झालंच तर रोहिणीला शाळेतून काढू नकोस.”

म्हणजे उमगलं होतं. जिवावर बेतेल हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि तरी ते चालले होते. तोवर मी मनाशी म्हणत होते की हा माणूस समजत नाही, अडाण्यासारखं करतोय. आता ती पळवाटही गेली.

“नका ना जाऊ,” मी म्हणाले. “मी पाया पडते तुमच्या.”

“मग काय करू? घरात बसू? आणि उद्या गावातून चालू कसा?” त्यांचे डोळे भरून आले होते. “मला पण भीती वाटते गं. पण नाही म्हणायला तोंडच उघडत नाही.”

बाहेर हलगी वाजायला लागली.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काठी उभी केली होती, दोरवाले चौघे आपापल्या जागी होते, आणि सदाशिव थोरात समोरच्या ओट्यावर हाताची घडी घालून उभा होता. काठी उठण्याआधी पाच सवाष्णींनी ओवाळायचं. पहिला मान घरच्या सुनेचा. मी नऊवारी नेसून, नथ घालून, ताट घेऊन पुढं झाले. ओवाळलं. ह्यांना कुंकू लावलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वर शेंड्याकडे बघत होते.

मला आठवतं ते एवढंच की मी ताट खाली ठेवलं. ठरवलं असं काही नव्हतं. मी दोन पावलं पुढं गेले आणि दोन्ही हातांनी काठी धरली. घट्ट, कवेत धरावी तशी. तेल लावलेला कळक गार लागला.

हलगी थांबली.

“मी बाजूला आहे,” मी म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. “मी आज सकाळपासून बाजूला आहे. काठीला विटाळ झाला.”

आता शहरात कुणाला हे सांगितलं तर हसतील. तेव्हा त्या अंगणात कुणी हसलं नाही. बायका मागं सरल्या. दोरवाल्यांपैकी एकानं हातातला दोर सोडला आणि काठी कलली, ती तिघांनी कशीबशी सावरली. कुणीतरी मला शिवी दिली, आईवरून. रोहिणी दारात उभी होती, ती रडायला लागली.

गुरवकाका गर्दीतून पुढं आले. कालची संध्याकाळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

“खोटं बोलतीया ही,” ते म्हणाले. “काल माझ्याकडं आलीती, काठी दुसऱ्याला द्या म्हणत. पाठ दुखती म्हणं नवऱ्याची. आन आज विटाळ?” मग ते दाराकडे वळले. “आक्का, तुम्ही सांगा. खरं का खोटं?”

सगळं अंगण आत्याबाईंकडे वळलं.

इथं एक सांगितलं पाहिजे. मी खोटंच बोलत होते. मी बाजूला नव्हते, आणि होऊच शकत नव्हते. रोहिणीनंतर थोड्याच वर्षांत माझी पिशवी काढावी लागली होती, माहेरी असताना, कराडच्या दवाखान्यात. हे गावात आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनीच तसं ठरवलं होतं. जगदाळ्यांच्या घरात पुढं काठी उचलायला पोरगा होणार नाही हे कळलं, तर थोरात आजच मान मागायला येतील. म्हणून मी दर महिन्याला बाजूला बसायचे. पडवीत घोंगडं टाकून, ताट-तांब्या वेगळा घेऊन, चार दिवस. शेजारणी येता-जाता बघायच्या आणि म्हणायच्या, अजून वेळ गेलेली नाही, होईल मुलगा. मी मान डोलवायचे. कामातून चार दिवस सुटका व्हायची हे खरं, पण त्या घोंगड्यावर बसून मी किती वेळा रडले असेन ते माझं मला माहीत. जे आपल्या अंगातून कापून नेलं त्याचंच सोंग दर महिन्याला करायचं, तेही गावानं आशा सोडू नये म्हणून.

तर आत्याबाईंनी एक शब्द बोलायचा होता. सुनेला वेड लागलंय, आत घ्या तिला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. काठी उठली असती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता सगळं संपलं. हे पण त्यांच्याकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं.

आत्याबाई पायरी उतरून खाली आल्या. पदर नीट केला.

“खरं हाय,” त्या म्हणाल्या. “सकाळीच सांगितलं मला तिनं. मीच म्हटलं, जत्रेच्या दिवशी बोभाटा नगं, गप ओवाळ आन आत जा. माझी चूक हाय, गुरवभावजी. पोरीला बोलू नगा.”

“तुम्ही?” गुरवकाका म्हणाले. “आक्का, तुम्ही आसं केलं?”

“केलं.”

ज्या बाईच्या शब्दावर सबंध गावाचं सोवळं-ओवळं चालायचं, तिनं सगळ्या गावासमोर आपलं तोंड काळं करून घेतलं. गुरवकाकांनी गोमूत्र मागवलं. काठीवर शिंपडलं, दोरवाल्यांवर शिंपडलं, आणि काठी आडवी करून थोरातांच्या दारात नेली. पाठोपाठ सगळं गाव गेलं. आमच्या अंगणात तुडवलेला गुलाल आणि माझं ओवाळणीचं ताट राहिलं. हे पट्ट्यासकट पायरीवर बसले.

“तू मला जिवंत ठेवलंस,” हे म्हणाले, “पण गावात मारलंस.”

“गावात मेलेला माणूस भाकरी खातो,” मी म्हणाले. “तिकडून कोसळून आला असता तर खाल्ली नसती.”

त्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मिरजेला ऑपरेशनला नेतानाही बोलले नाहीत. डॉक्टरांनी छाती उघडली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होते, आणि आत्याबाई रोहिणीला घेऊन गावात होत्या. तिथं काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला माझ्यापुरतं ठाऊक आहे. मला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. लग्नात मी गेले की बायका सरकून बसायच्या, जागा द्यायला नव्हे. अंगणवाडीत थोडे दिवस पोरंही आली नाहीत. मग सुकडी वाटायच्या दिवशी सगळी आली. वर्षभरानं थोरातांनी काठी परत दिली नाही. दोघांतिघांनी येऊन सांगितलं, हणमंतराव, पंचांपुढं जा, हक्क आहे तुमचा. हे गेले नाहीत.

ते का गेले नाहीत हे मला पुढच्या जत्रेत समजलं. आम्ही दोघं गर्दीत उभे होतो, रस्त्याच्या कडेला, कुणी नसल्यासारखे. सदाशिव थोरात काठी घेऊन गेला, हे वर शेंड्याकडे न बघता खाली बघत होते. पोरांकडे, पाळण्याकडे, बायकांच्या बांगड्यांच्या दुकानांकडे. मग म्हणाले, “शालन, मी आपल्या गावची जत्रा कधी बघितलीच नव्हती.” मला काकणं घेतली, स्वतः भजी खाल्ली, आणि दुपारी घरी येऊन लिंबाखाली झोपले. माझ्या नवऱ्याला दुपारी झोपलेलं मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि अजून रोज झोपतात. मला कुणी बोलवत नाही म्हणून मी ओसरीवर बसून वाचायला लागले, ती सवय लागली ती लागलीच. आम्हाला काही कमी पडलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. हे मिरजेहून घरी आले होते, आत खाटेवर पडून असायचे. महिन्याचा दिवस आला. मी सवयीनं घोंगडं काढलं, ताट-तांब्या घेतला आणि पडवीत जाऊन बसले. पलीकडच्या दारात हौसाबाई धान्य पाखडत होती. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं.

आत्याबाई बाहेर आल्या.

“कुणासाठी बसलीस?”

“दिवस आलाय,” मी म्हणाले.

“कसला दिवस? मान काय आता परत येत न्हाय. थोरातांच्या दारात हाय काठी. आता कुणाला पोराची आशा दाखवायची हाय?”

“हौसाबाई बघतेय.”

“बघू दे.”

मी उठले नाही. मला उठताच येईना. मग त्यांनी जे केलं ते मी कुणाही घरात कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. त्या त्याच घोंगड्यावर, माझ्या शेजारी, मला खेटून बसल्या. पलीकडे हौसाबाईचं सूप थांबलं.

मी विचारलं, “आत्याबाई, तुम्ही त्या दिवशी खोटं का बोललात? आदल्या दिवशी तर देव बघेल म्हणालात.”

“म्हणले खरं. दुसरं काय म्हणायचं ते मला म्हाईतच न्हाय. जलमभर तेवढंच म्हणत आले.” त्या अंगणाकडे बघत होत्या. “तुला काय सांगितलंय सासऱ्याचं? कशानं गेला?”

“तापानं गेले म्हणून.”

“तापानंच. पर जत्रेच्या दिवशी चढलेला ताप हुता तो. डोळं लाल, अंगाला हात लावू देईना. मी म्हटलं, नगा नेऊ काठी. तर म्हणला, आज न्हाय उचलली तर गावात तोंड कसं दावू. वर गेला, खाली आला, आन परत उठला न्हाय.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“त्या दिवशी मी पडवीच्या दाराआड बसले हुते,” त्या म्हणाल्या. “बाजूला हुते मी. खरीच. कुणाला खोटं सांगायचं कामच न्हवतं. हलगी वाजली तशी मी दाराच्या फटीतनं बघितलं. काठी हातभर लांब हुती माझ्यापासनं. नुसता हात लावला आसता तरी राहिला आसता ना तो.”

त्यांनी घोंगड्यावरून हात फिरवला.

“आन मी काय केलं ठाव हाय? माझी सावली काठीवर पडू न्हाय म्हणून मीच मागं सरकले.”

आतून ह्यांनी पाणी मागितलं. जत्रेच्या त्या दिवसानंतर आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता. माझं नाव घेऊन मागितलं. आम्ही दोघी उठलो, घोंगड्याची दोन-दोन टोकं धरून हौसाबाईच्या देखत झटकलं, आणि मी आत जाऊन त्यांना माझ्या हातानं पाणी दिलं.